हसण्याचा शॉट

पप्पा टीव्हीवर मेले त्या संध्याकाळी ते स्वतः माझ्या शेजारी बसून वरणभात कालवत होते. समोर पडद्यावर त्यांच्या छातीत गोळी लागली, ते गुडघ्यांवर आले, मग बाजूला कलंडले, आणि पथकातली पोरं "उस्ताद! उस्ताद!" करत धावली. पप्पांनी नेमकी तेव्हाच लोणच्याची बरणी मागितली. मला हसू फुटलं. "पप्पा, आजच्या दिवस तरी लोणचं नको. तुम्ही शहीद झालायत," मी म्हटलं. आई मात्र ताट तसंच टाकून उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला तिचा रागच आला. या घरात कुणाला दोन मिनिटं हसायची सोय नाही, असं काहीतरी मी पुटपुटले.

तिला काय झालंय हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पप्पा खरेखुरे फौजी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून, आमच्या वस्तीतल्या पुष्कळ घरांतून असतात तसे. आजोबा फौजेत, चुलत आजोबा फौजेत, आणि मिसरूड फुटायच्या आत पप्पाही. मी लहान असताना ते बर्फाच्या डोंगरावरच्या लढाईत होते. तिथून पायात तोफगोळ्याचा एक तुकडा घेऊन परत आले, पुढे हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि आम्ही गोरेगाव पूर्वेच्या या इमारतीत राहायला आलो. मग मालाडच्या एका काचेच्या ऑफिसात सिक्युरिटी सुपरवायझर. तिथेही आणि घरीही त्यांची शिस्त तीच. चपला दारात एका रेषेत हव्यात, टॉवेल वाळत घातला तर दोन्ही टोकं सारखी लोंबायला हवीत, आणि आठ वाजता निघायचं म्हणजे आठ वाजता लिफ्टमध्ये. मी आठला लिपस्टिक शोधत असायचे, त्यामुळे आमचं रोज वाजायचं. लढाईबद्दल विचारलं तर म्हणायचे, "थंडी फार होती." एवढंच. गणपतीत कुणी भाषणाला बोलावलं तरी तेवढंच सांगून खाली बसायचे.

आणि पप्पा फोटोत हसायचे नाहीत. आमच्या हॉलच्या पंख्याला रेग्युलेटर नाही, तशी ही घरातली जुनी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती. माझ्या पदवीच्या फोटोत मी दात काढून उभी आहे आणि शेजारी पप्पा असे, की जणू मला अटक करून आणलंय. आईबरोबरच्या लग्नातल्या फोटोत ते छान हसलेत. पण तो फोटो लढाईच्या आधीचा, हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

मालाडची नोकरीही संपल्यावर मालिकेचं काम त्यांच्याकडे आलं ते खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे. काका स्टुडिओत कपडेपटाचं बघतात. सेटवर त्यांना सगळे ड्रेसदादा म्हणतात. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. एका हिंदी मालिकेत कमांडोंचं एक पथक होतं. सगळं खोटं, पथकाचं नावही खोटं आणि निशाणीही कपडेपटातच शिवलेली. त्यात मागे उभं राहायला एक वयस्क हवालदार हवा होता. पप्पा आधी ऐकेनात. "वर्दी काय नाटकात घालायची वस्तू आहे का?" मग एक दिवस काकांनी त्यांना नुसतं शूटिंग बघायला नेलं. पप्पा घरी आले ते कपाळाला हात लावून. जिममधून उचलून आणलेली सहा-सात पोरं, एकालाही नीट उभं राहता येत नव्हतं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना सांगितलं, "येतो मी. कुणीतरी एकाने तरी सरळ उभं राहायला पाहिजे."

आणि मग ते त्या खोट्या पथकात रुजूच झाले. सातचा कॉल असला की साडेसहाला सेटवर. बूट घरी आणून स्वतः पॉलिश करायचे, कपडेपटाचे असले तरी. ती जिमवाली पोरं त्यांना खरोखरच उस्ताद म्हणायला लागली. त्यांच्यातल्या एकाची आई आजारी पडली तेव्हा पप्पा हॉस्पिटलात डबा घेऊन गेले होते. "आमच्या टीममधला आहे," असं त्यांनी आईला सांगितलं. एका एपिसोडमध्ये छातीवर पदकांच्या पट्ट्या लावायच्या होत्या. पप्पांनी त्या काढून ठेवायला लावल्या. काका म्हणाले, "अहो, पण तुमच्याकडे तर खरी आहेत." पप्पा म्हणाले, "म्हणूनच."

रस्त्यात लोक ओळखायला लागले. वीस वर्षं ज्या रस्त्याने हा माणूस लंगडत भाजी आणायला जात होता, तिथे आता रिक्षावाले "उस्तादजी!" म्हणून हॉर्न वाजवायचे. सेल्फी मागायचे. पप्पा ताठ उभे राहून त्या मोबाइलकडे करड्या नजरेने बघायचे, आणि लोकांना वाटायचं, वा, काय रोलमध्ये आहे माणूस! मला त्याचं वाईट वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही वाटायची. आई तर भाजीवालीला स्वतःहून सांगायची.

मग मालिकेला प्रेक्षक कमी पडायला लागले आणि कुणालातरी मारायचं ठरलं. मारायला म्हाताराच बरा.

त्या दिवशी सेटवर काय झालं ते मला पुढे काकांनी सांगितलं. मरायचा शॉट झाला, मग तिरंगा पांघरून झोपवलेल्या उस्तादाला पथक खांद्यावर घेतं तो शॉट. पप्पा दुपारभर झोपून होते. दोन शॉटच्या मध्ये इतर कलाकार उठून चहा पितात, मोबाइल बघतात. हे उठलेच नाहीत. डास चावत होते तरी हलले नाहीत. स्पॉटदादाने पाणी आणलं तर डोळेही उघडले नाहीत. दिग्दर्शक खूश.

आता या धंद्यात एक रीत आहे. मेलेल्याचा सीन केला की त्या कलाकाराला उठवून कॅमेऱ्यासमोर हसायला लावतात. एक छोटासा हसरा शॉट घेतात, मगच पॅकअप. तो कुठे दाखवत नाहीत. घेतला नाही तर अपशकुन, एवढंच. मोठमोठे नट मुकाट्याने हसून देतात. त्याप्रमाणे तिथली असिस्टंट बाई पुढे आली आणि म्हणाली, "सर, बस एक स्माइल दे दीजिए, फिर पॅकअप."

पप्पा उठले. अंगावरचा झेंडा काढला, काकांना दुसरं टोक धरायला लावून त्याची नीट घडी केली. आणि म्हणाले, "नाही."

सगळ्यांना वाटलं थट्टा करतायत. मग कळलं की थट्टा नाही. चाळीस-पन्नास माणसं खोळंबलेली, कॅमेरा चालू, आणि हा माणूस घडी केलेला झेंडा हातात धरून उभा. त्या पोरांनी विनवलं, दिग्दर्शक खुर्चीतून उठून आला. शेवटी काका त्यांना बाजूला घेऊन गेले, जरा वेळाने परत येऊन मोठ्याने म्हणाले, "हो गया, हो गया, हँस दिया, मेरे मोबाइल में है." पॅकअप झालं. मोबाइलमध्ये काही नव्हतं.

काकांच्या पोटात ते राहिलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आईला सांगितलं. म्हणून तो एपिसोड लागला त्या संध्याकाळी आई ताटावरून उठली होती.

आमच्या घरात बुद्धवंदना होते. नवस, उपास, दृष्ट काढणं, यातलं काही नाही. ते आजोबांनीच गावात असताना सोडून दिलं होतं. आई स्वतः बायकांच्या मंडळात या विषयावर बोलायची. त्यामुळे आई या न हसण्याचं मनाला लावून घेईल, असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. तिने लावून घेतलं. आधी लाडीगोडीने, मग चिडून, ती पप्पांच्या मागे लागली की स्टुडिओत जाऊन या आणि हसून या. काका म्हणत होते, मालिका अजून चालू आहे, दोन मिनिटांचं काम आहे. पप्पांचं उत्तर ठरलेलं. "उस्ताद मेला. मेलेला माणूस ड्युटीवर परत जात नाही."

"आई, तू कधीपासून असलं मानायला लागलीस?" मी एकदा तिला चांगलंच झापलं.

"मानत नाही गं," ती म्हणाली. "पण हसायला त्यांचं काय जातं?"

 खरंच, काय जात होतं?

पावसाळा संपता संपता पप्पांचं पोट दुखायला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पॅन्टला नवीन भोक पाडलेला पट्टा बघून आईच्या लक्षात आलं. मी अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. लोकांचे रिपोर्ट रोज माझ्या हाताखालून जातात, आणि कुठला आकडा बघून घाबरायचं हे मला ठाऊक आहे. पप्पांचा रिपोर्ट मी आमच्या लॅबच्या जिन्यात उभी राहून वाचला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलेला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, जसं काही वाचून वाचून तो बदलणार होता, आणि मग वर जाऊन दिवसभराचं काम केलं. डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते मला आधीच माहीत होतं.

आईला कळलं तेव्हा ती रडली नाही. ती फक्त माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ."

मी तिच्यावर ओरडले. लॅबमध्ये शिकलेलं सगळं तिला ऐकवलं. हा आजार कितीतरी आधीपासून आत असतो, शूटिंगच्याही आधीपासून होता, याचा हसण्याशी काडीचाही संबंध नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पप्पांसाठी पेज टाकली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विषय काढला. आता स्टुडिओत जायची गरज नाही, काकांनी सांगितलंय, घरच्या मोबाइलवरही चालेल. एकदाच हसायचं. तिला दिवसेंदिवस जेवण जाईना. मला कळेना, यातल्या कुणाची जास्त काळजी करू.

एका दुपारी आई औषधं आणायला खाली गेली होती. पप्पा पलंगावर, पाठीला दोन उशा. मी सरळ विचारलं.

"पप्पा, हसला असतात तर काय बिघडलं असतं? आई झुरतेय नुसती."

 ते भिंतीकडे बघत बोलायला लागले.

"आम्ही वरची चौकी घेतली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक जण कॅमेरा घेऊन आला. म्हणाला, सगळे एका लाइनीत या. हसा. घरचे बघतील."

"मग?"

"हसलो."

मी त्यांच्या पाठीची उशी वर सरकवली.

"दोघं जण ब्लँकेटखाली होते. त्यांना खाली न्यायला माणसं यायची होती. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे ठेवले होते. म्हणजे आमच्या समोरच." त्यांनी पाणी मागितलं, एक घोट घेतला. "त्यातला एक माझा जोडीदार. त्याच्या बुटांचे तळवे दिसत होते. त्यांच्याकडे बघून मी हसलो. चांगला हसलो, दात दिसतील असा. आणि कुणी सांगितलं म्हणून नाही गं. मी जिवंत होतो, म्हणून येत होतं हसू. आवरत नव्हतं."

माझ्या हातातला पेला मी तसाच धरून बसले होते.

"सेटवर झेंडा पांघरून पडलो होतो ना, डोळे मिटून, तेव्हा वाटलं, आता आपण त्याच्या जागी आलो. इतक्या वर्षांनी बरं वाटत होतं. उठावंसं वाटत नव्हतं. आणि ती बाई म्हणाली, हसा." ते माझ्याकडे वळले. "होईना माझ्याच्याने."

मी त्यांचा पाय चेपत बसले, तो तुकडा लागलेला पाय. लहानपणी त्या जखमेच्या खड्ड्यात बोट घालून खेळायचे मी. मला रडू येत होतं, म्हणून मी मान खाली घालून चेपत राहिले.

"आईला सांगू?" मी शेवटी म्हटलं.

"नको. तिच्या डोक्यात आणखी एक मेलेला माणूस कशाला?"

त्यानंतर मी आईला सारखी गप्प करायचे, आणि तिला वाटायचं मी फितूर झाले. माझीही पंचाईत. आई ऐकणाऱ्यातली नव्हती. तोंडाने मागायचं तिने सोडलं, पण मोबाइल चार्ज करून त्यांच्या उशाशी ठेवायला लागली. पप्पांनी तो काही दिवस बघितला. मग एका रविवारी सकाळी त्यांनी दाढीचं सामान मागितलं.

स्वतः दाढी केली. मला हात लावू दिला नाही. पांढरा शर्ट मागितला, इस्त्रीचा. तो त्यांच्या अंगावर आता मोठ्या भावाचा उसना घेतल्यासारखा दिसत होता. सगळी बटणं लावली, वरचंसुद्धा. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून ताठ बसले आणि म्हणाले, "आईला बोलाव. मोबाइल घे."

आई पदराला हात पुसत आली. दारातच थांबली.

"अहो, खरंच?"

"तुला हवंय ना?" मग माझ्याकडे वळून, "चल, घे गं तू."

मला त्यांना सांगायचं होतं की पप्पा, नका. पण ते ज्या तऱ्हेने बसले होते त्यापुढे कुणाची नको म्हणायची छाती झाली नसती. मी मोबाइल समोर धरला. बटण दाबलं. "हं," मी म्हटलं.

त्यांनी प्रयत्न केला. अगदी मनापासून केला, हुकूम पाळावा तसा. ओठ ताणले. गाल वर गेले. डोळे मोबाइलवर होते, पण ते मला बघत नव्हते आणि आईलाही बघत नसावेत. त्यांना माझ्या पाठीमागे काहीतरी दिसत होतं. ओठ तसेच ताणलेले राहिले आणि हळूहळू थरथरायला लागले. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. मी माझ्या बापाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही नाही. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ ताठ ठेवून, तोंड न झाकता रडत होते, आणि तरीही हसायचा प्रयत्न सोडत नव्हते, कारण आम्ही अजून थांबा म्हटलं नव्हतं.

आई पुढे आली आणि तिने मोबाइलवर आपला पंजा ठेवला.

"पुरे," ती म्हणाली. "बंद कर ते."

मग ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या वरच्या बटणाशी खटपट करत राहिली, ते निघेपर्यंत. का रडलात म्हणून तिने विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. हसण्याचा विषय आमच्या घरात त्यानंतर निघाला नाही.

पप्पा थंडी पडायच्या आत गेले. सकाळी, आई त्यांचं तोंड पुसत असताना. गावची माणसं आली, जुन्या पलटणीतले दोघे-तिघे आले, मालिकेतली ती पोरं आली. पोरं खूप रडली. त्यांनी पप्पांना खांदा दिला, आणि या वेळी मात्र सगळी पावलं बरोबर टाकत गेली. बघ्यांपैकी कुणीतरी मोबाइल काढला तर त्यातल्या सगळ्यात दांडग्या पोराने तो खिशात घालायला लावला.

काका तेवढे आले नाहीत. खालच्या मजल्यावर राहणारा माणूस, पण वर फिरकला नाही. मला त्याचा भयंकर राग आला होता. ते आले जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर. दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. मग एकदम दाराची चौकट धरून रडायलाच लागले.

"वैनी, माझ्याच हातान झाला ह्या," ते म्हणाले. "ते हसूक नाय आणि मी सगळ्यांका सांगलंय, हसले म्हणान. पॅकअप करून टाकलंय. माका थांबूक होया होता. आता माका झोप नाय वैनी, डोळे मिटले की तेच दिसतत, झेंडो घेऊन उभे."

मी तोंड उघडणारच होते. तेच सगळं पुन्हा ऐकवणार होते, लॅबमधलं, आजाराचं. आई माझ्या आधी बोलली.

"भाऊ, हसले होते ते."

काकांनी वर बघितलं.

"घरी हसले. दाढी करून, शर्ट घालून, इथे पलंगावर बसून. तुम्ही सांगितलंत ना, मोबाइलवर चालतं म्हणून? हिनेच घेतलाय. विचारा."

काका माझ्याकडे बघायला लागले. आईही बघत होती.

"हो काका," मी म्हटलं. "छान हसले."

"दाखवशील गो माका?"

"तो आमच्यापुरता राहू दे," आई म्हणाली. "पण हसले. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आत या, चहा टाकते."

त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकून, सगळा. जाताना त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, आणि तो मोकळा झालेला बघून माझा राग कुठच्या कुठे गेला. आई कपबशा विसळायला उभी राहिली. मी तिच्या मागे गेले.

"खोटं का सांगितलंस?"

"हसले नाहीत म्हणून गेले, असं तो जन्मभर म्हणत राहिला असता. सेटवरची म्हणाली असती. ह्यांच्याच नावावर लागलं असतं ते, की फौजी हट्टी होता म्हणून गेला." तिने बशी उलटी घातली. "हसले म्हटलं की नुसते गेले. माणसं जातात तसे."

तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मला वाटलं तिचंही सुटलं यातून. मला बरं वाटलं. म्हणून मी विचारलं, "आणि तुझ्या मनातून गेलं ना ते?"

नळ चालूच होता. तिने तो बंद केला नाही.

"मी कशाला हात ठेवला गं मोबाइलवर?" ती म्हणाली. "आणखी थोडं थांबले असते तर हसले असते ते."